धारपांची भुते आणि धारपांचे समर्थ

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली, आणि त्या निमित्ताने मराठी साहित्यातील एका जुन्या खटल्याचा निकाल माझ्या डोळ्यांदेखत लागला. कपाट रिकामे करावयाचे, पुस्तके उन्हात घालावयाची, आणि मुलांना अयोग्य असतील ती रद्दीत द्यावयाची, असा हुकूम होता. देखरेखीला एक वजनदार गृहस्थ आले होते. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे गृहस्थ प्रत्येक शाळेच्या नशिबी असतात. ढिगात नारायण धारपांची सात-आठ पुस्तके निघाली. ती मीच कधीकाळी पदरमोड करून कपाटात घातली होती. गृहस्थांनी एकेक पुस्तक दोन बोटांनी उचलले. 'चेटकीण' पाहून नाक मुरडले. 'लुचाई' पाहून कपाळाला आठी घातली.

"मास्तर, पोरांना भुतंखेतं वाचायला देता? यात साहित्य काय आहे, सांगा बघू!"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी ती पुस्तके रद्दीच्या बाजूला टाकली. मग त्यांच्या हाती 'समर्थाचिया सेवका' आले. मुद्रा एकदम प्रसन्न झाली. पुस्तक कपाळाला लावून ते म्हणाले, "हे मात्र ठेवा. संतवाङ्मय आहे. मुलांवर असेच संस्कार व्हायला पाहिजेत."

ज्या वाचकांनी धारप वाचले नसतील त्यांच्यासाठी खुलासा करतो. 'समर्थाचिया सेवका' हे शीर्षक मनाच्या श्लोकांतील शब्दांवरून घेतलेले खरे. पण धारपांचे 'समर्थ' म्हणजे रामदासस्वामी नव्हेत. ते धारपांच्या एका भयकथामालेचे नायक आहेत. कोणावर अघोरी शक्तीने घाला घातला की समर्थ येतात आणि आपल्या आत्मिक बळाने तिचा नायनाट करतात. म्हणजे गृहस्थांनी ठेवले तेही भुताखेतांचेच पुस्तक होते! मी हसलो नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही, आणि जो विचार डोक्यात घोळत राहिला तो हा, की या गृहस्थांनी अगदी नेमके उलटे केले. दोहोंपैकी एकच ठेवावयाचे असते, तर मी भुते ठेवली असती आणि समर्थांना निरोप दिला असता. त्यांच्या प्रश्नाचे जे उत्तर मला उभ्याउभ्या सुचले नाही, ते आज या दिवाळीच्या निमित्ताने सविस्तर देतो.

निमित्त आणखीही एक आहे. नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. २७ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास शंभर वर्षे पूर्ण झाली. १८ ऑगस्ट २००८ रोजी ते वारले. शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. ज्या माणसाने दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली, त्याच्या शताब्दीचे काय झाले? भक्तांनी आरत्या केल्या, पंडितांनी मौन पाळले. त्यांचे मोजमाप करण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही.

*

प्रथम माझी योग्यता सांगतो, म्हणजे टीकाकारांना ती सांगण्याचे श्रम नकोत. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. भिवंडीजवळच्या राहनाळ गावात मी राहतो, एका लहानशा खाजगी शाळेत शिकवतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या छापल्या जातात. खपतात असे मात्र म्हणता येणार नाही. तेव्हा धारपांसारख्या खपाऊ लेखकाविषयी माझ्या मनात थोडी असूया असणारच. वाचकांनी ती वजा करून हा लेख वाचावा.

धारप मला भेटले ते मी शाळकरी असताना, १९९० नंतरच्या चार-सहा वर्षांत. भिवंडीच्या बाजारातील एका गल्लीत पुस्तके भाड्याने देणारे एक टपरीवजा दुकान होते. धारपांचे पुस्तक तेथे कधी जागेवर सापडत नसे, आणि सापडलेच तर पहिली चार पाने नि शेवटचे एक पान गळालेले असे. शेवटचे पान नसलेली भयकथा वाचण्यातील यातना ज्याने सोसल्या आहेत त्यालाच कळतील.

आमच्याकडील भीतीची तऱ्हाही वेगळी आहे. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. खटक्-खटक्, खटक्-खटक् असा मागांचा आवाज रात्रंदिवस चालू. आम्ही त्याच आवाजात जन्मलो, त्याच आवाजात झोपलो. रात्री वीज गेली की हजारो माग एका क्षणात थांबत, आणि मग जी शांतता पसरे तिने तान्ही मुले दचकून रडू लागत. इतर गावांत आवाज झाला की माणसे घाबरतात. आमच्या गावात आवाज थांबला की घाबरतात. अशाच एका रात्री कंदिलाच्या उजेडात मी धारप वाचत होतो. त्यांच्या गोष्टीत भूत आरोळी ठोकत आले नाही. रोजच्या घरातली रोजची एक गोष्ट फक्त होईनाशी झाली, आणि त्या वाड्यातील माणसाला ते जाणवले. मला मागांची आठवण झाली. या माणसाला भीती कशी असते ते ठाऊक आहे, असे मला त्या रात्री वाटले, आजही वाटते.

*

आता खटल्याकडे वळू. धारपांवर दोन पक्षांनी अन्याय केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला पक्ष अर्थातच पंडितांचा.

पंडितांनी धारपांना वाईट म्हटले असते तर माझी तक्रार नव्हती. त्यांनी काहीच म्हटले नाही. अमेरिकेत २००३ साली स्टीफन किंग या भयकादंबरीकाराला तेथील नॅशनल बुक फाउंडेशनने अमेरिकन साहित्यसेवेबद्दलचे मानाचे पदक दिले, तेव्हा हॅरॉल्ड ब्लूम या येल विद्यापीठातील बड्या समीक्षकाने जाहीर निषेध केला. वर्तमानपत्रांतून रणे माजली. किंगला शिव्या मिळाल्या, पण शिव्या देण्यापुरते तरी विद्वानांना त्याचे नाव घ्यावे लागले! आमच्याकडे धारपांच्या नशिबी निषेधही आला नाही. भाड्याच्या पुस्तकांच्या टपरीला जो वास येतो, त्या वासावरूनच त्यांचा निकाल लावला गेला.

याला कारण आहे, आणि ते जुने आहे. मराठी कादंबरीचे बालपण अद्भुताच्या अंगणात गेले. १८६१ साली हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' आली. पुढे कित्येक वर्षे राजवाडे, भुयारे, योगायोग यांचा सुकाळ होता. मग हरिभाऊ आपटे आले, 'पण लक्षात कोण घेतो' आली, आणि कादंबरी घरातल्या खऱ्या बाईच्या खऱ्या दुःखाशी येऊन बसली. हा मोठा विजय होता, यात शंका नाही. पण या विजयाचा एक वाईट परिणाम झाला. अद्भुत म्हणजे मराठी वाङ्मयाला लहानपणी आलेली देवी. आता मोठेपणी तिचे वण लपवावयाचे, अशी आमच्या विद्वानांची समजूत झाली. भरतमुनींनी आठ रस सांगितले, त्यांत भयानकाला नि अद्भुताला शृंगाराच्या नि करुणाच्या पंगतीला मांडीला मांडी लावून बसवले. आमच्या टीकाकारांनी भयानकाला पंगतीतून उठवून ओसरीवर बसवले, आणि त्याला वाढण्याचे काम भाडोत्री वाचनालयांवर सोपवले.

बरे, पंगतीला नियम एकच असता तरी चालले असते. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुऱ्या'त दैवी शक्ती माणसाला गाठते; त्यावर १९७८ साली श्याम बेनेगलांनी चित्रपट काढला, आणि विद्वान म्हणाले, हे नियतीचे गूढ आहे. जी. ए. कुलकर्ण्यांच्या कथांत काळोख ठासून भरलेला. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला, आणि विद्वान म्हणाले, ही अस्तित्वाची शोकांतिका आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचे कौतुक झाले. त्यांच्या पाठीशी रंगभूमीवरील 'लोककथा ७८' आणि 'आरण्यक' यांचे वजन होते. विज्ञानकथेलाही एकदाचे मखर मिळाले: २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे आले. या चौघांच्या मानात मला तिळमात्र कमीपणा करावयाचा नाही, जी.एं.ची भाषा धारपांना सात जन्मांत साधली नसती. माझे म्हणणे एवढेच, की दार उघडे आहे. मग 'गोग्रॅमचा चितार'सारखी विज्ञानकादंबरीही लिहिणारा एकच माणूस तेवढा बाहेर का? त्याची पुस्तके वाचून, मोजून, उणी ठरली म्हणून त्याला बाहेर ठेवले असेल, तर तो निकाल मी मान्य करीन. पण वाचल्याचा पुरावा दाखवा!

*

दुसरा पक्ष भक्तांचा. यांनी केलेला अन्याय अधिक वाईट, कारण तो प्रेमाने केलेला आहे.

२०१८ च्या ऑक्टोबरात 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आला. त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले, आणि त्याची ठिणगी धारपांची. नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची गोष्ट सांगितली आणि ती डोक्यात बसली, असे दिग्दर्शक राही अनिल बर्वे सांगतात. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा लागला, आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. मग ज्यांनी जन्मात मराठी पुस्तक विकत घेतले नव्हते तेही धारप, धारप करू लागले. त्यांनी धारपांना एक पदवी बहाल केली: 'मराठीचे स्टीफन किंग'!

ही पदवी म्हणजे शालीत गुंडाळलेले जोडे आहेत. किंगची पहिली कादंबरी 'कॅरी' १९७४ साली आली. तेव्हा धारप पन्नाशीला टेकले होते, आणि मराठी वाचकाला त्यांचे नाव चांगले परिचयाचे झाले होते. वडील माणसाला धाकट्याचे नाव लावण्याची ही कोठली रीत? किंगला कोणी 'अमेरिकेचे धारप' म्हणत नाही. ज्या पदवीने माणूस स्वतःच्या घरातच दुय्यम ठरतो ती भक्तांनी खुशाल मिरवावी. धारपांचा त्यात गौरव नाही.

पण ही पदवी आणखी एका कारणाने झोंबते. तिच्यात अर्धे सत्य आहे, आणि ते भक्त मोठ्या लबाडीने गिळून टाकतात. धारपांची 'लुचाई' किंगच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट'वर उभी आहे. 'शपथ' १९८६ च्या 'इट'वरून आली. ज्या 'आजी' कथेचा 'तुंबाड'च्या संदर्भात गवगवा झाला, ती किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून. मला हे पुष्कळ उशिरा कळले, आणि कळले तेव्हा, खोटे का बोला, फसवल्यासारखे वाटले. ज्या भीतीने मी रात्री काढल्या ती उसनी होती, हे ऐकून कोणाला वाईट वाटणार नाही?

उसनवारी हे पाप आहे, असे मी म्हणत नाही. ते म्हणावयाचे तर निम्मी मराठी रंगभूमी अंदमानला पाठवावी लागेल. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. 'संशयकल्लोळ'चे मूळही परदेशीच. पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' शॉच्या घरची. परंतु या मंडळींचे ऋण उघड आहे. फुलराणीचे माहेर सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यामुळे तिचा संसार काही मोडला नाही. ऋण सांगितल्याने लेखक लहान होत नाही. ऋण झाकले की मात्र जे त्याचे स्वतःचे आहे तेही चोरीचे वाटू लागते. धारपांची पुस्तके आज नव्या, गुळगुळीत वेष्टनांत पुन्हा निघत आहेत. ज्या पुस्तकांचे मूळ परकीय आहे त्यांच्या पहिल्या पानावर तसे ठळक छापावे, ही माझी जाहीर मागणी आहे. भक्त रागावतील. रागावोत.

*

आता मूळ प्रश्न. उसने काढून टाकल्यावर धारपांचे स्वतःचे असे काय उरते? माझे उत्तर असे, की पुष्कळ उरते. आणि जे उरते ते मराठीत त्यांच्यापूर्वी नव्हते.

आपल्या जुन्या भुतांकडे पाहा. मुंजा का होतो? मुंज झाली, पण लग्नाआधी मेला. हडळ का होते? बाळंतपणात गेली, मन मागे राहिले. कोकणातला देवचार, माळावरचा वेताळ, पाण्यातला गिऱ्हा, यांतील प्रत्येकाला काही कारण आहे आणि काही मागणे आहे. नारळ द्या, कोंबडा द्या, राहिलेला विधी करा. भूत संतुष्ट होते आणि वाट सोडते. आमच्या खाडीकाठच्या गावांतून आजही या वाटाघाटी चालतात. आपले भूत म्हणजे नाराज झालेला भाऊबंद! त्याच्याशी भांडण होते, पण तोडगाही निघतो.

धारपांनी हे नाते तोडले. त्यांच्या उत्तम कथांतील अमंगळ शक्तीला काही मागावयाचे नसते. ती तुमच्यावर रागावलेली नसते. तुम्ही कोण हे तिला ठाऊकही नसते. विश्वाच्या एका काळ्या कपारीतून ती येते, आणि तुम्ही तिच्या वाटेत असता, एवढाच तुमचा अपराध. ही कल्पना लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या वळणाची आहे, हे कबूल. पण ती मराठी घरात आणून बसवणे, हे काम कोणत्याही भाषांतराने होण्यासारखे नव्हते. पश्चिमेकडील पिशाच्चाला क्रूस दाखवला की ते मागे हटते. तेथील वाचकाला त्यासाठी वेगळे काही सांगावे लागत नाही. पुण्याच्या वाड्यात क्रूस कोठून आणणार? आणि गंगाजल शिंपडून भागत असते, तर मग भगत काय वाईट होता? धारपांना भीतीचे सगळे घर नव्याने बांधावे लागले, तेही आपल्या विटांनी.

त्या विटा पाहण्यासारख्या आहेत. त्यांचा माणूस मध्यमवर्गातला, शिकलेला, हिशेबी. भाड्याची जागा, बदलीची नोकरी, वारसाने आलेले जुने घर, दूरच्या नातेवाइकाचे पत्र, अशा साध्या दारातून भीती आत येते. 'चंदनवाडी' म्हटले की मुंबईच्या माणसाला स्मशान आठवते. त्या नावामागे एक आकडा लावून धारपांनी कादंबरीचे नाव ठेवले '४४० चंदनवाडी'. हा पत्ता आहे! भीतीला घरनंबर देणारा हा लेखक. आणि भाषा? तिच्यात अलंकार नाही, काव्य नाही, किंकाळ्यांची उद्गारचिन्हे नाहीत. एखादा कारकून अर्ज लिहितो तशी सरळ भाषा. पंडितांना ती गद्यप्राय वाटली असेल. मी रोज मुलांचे निबंध तपासतो. 'भयाण काळोख', 'भेसूर हास्य' असले शब्द कितीही ओतले तरी अंगावर काटा येत नाही, हे मी शपथेवर सांगेन. काटा येतो तो, सांगणारा माणूस खोटे बोलणारा नाही, अशी खात्री पटल्यावर. ती खात्री धारप आपल्या रुक्ष वाक्यांनी पटवतात. ही शैली नव्हे तर काय?

*

आणि येथेच माझे धारपांशी भांडण आहे. ज्या माणसाने मराठी भुताला नवस नाकारला, त्यानेच समर्थांना आणून तो नवस मागच्या दाराने परत घरात घेतला.

समर्थांच्या कथांची घडी एकच. एखादा सज्जन संकटात सापडतो. भीती वाढत जाते. आपण श्वास रोखतो. आणि समर्थ येतात. ते आले की वाचकाच्या जिवात जीव येतो, आणि नेमका त्याच क्षणी कथेचा जीव जातो. कारण समर्थ हरणार नाहीत, हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. नाहीतर पुढचे पुस्तक कसे निघणार? भुताची शक्ती आणि समर्थांची शक्ती यांची कुस्ती लागते, आणि संकटात सापडलेला माणूस प्रेक्षक होऊन बाजूला बसतो. त्याचे शिक्षण, त्याचे धैर्य, त्याची बुद्धी यांचे काही काम उरत नाही. 'समर्थांना शरण जा', एवढे एकच कर्तव्य त्याला उरते. भाडोत्री वाचनालयाची मागणी मोठी असते, हे मला कळते. शंभर पुस्तके लिहावयाची म्हणजे साचा हवाच. पण ज्या लेखकाला साच्याबाहेरचे इतके चांगले येत होते, त्याला त्या साच्याबद्दल अधिक जाब विचारला पाहिजे.

कोणी म्हणेल, गोष्टच ती. एवढे काय मनावर घ्यावयाचे? मी ज्या ठिकाणी शिकवतो तेथून पाहिले की ती नुसती गोष्ट राहत नाही. आमच्याजवळच्या एका पाड्यावरील मुलीला तीन वर्षांपूर्वी ताप आला. ताप उतरेना, तेव्हा आईबापांनी तिला एका 'महाराजां'कडे नेले. अंगारा झाला, दोरा झाला, शनिवार-मंगळवार झाले. बारा दिवसांनी तिला दवाखान्यात नेले तेव्हा कावीळ पार भिनली होती. मुलगी वाचली, पण तिचे शाळेचे वर्ष गेले, आणि ती पुन्हा शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेलो होतो. घरात एकही पुस्तक नव्हते. म्हणजे भुतांच्या कादंबऱ्या वाचून ते घर बिघडले, असे कोणाला म्हणता यावयाचे नाही. त्या घराला बुडवले ते भुताने नव्हे. आपल्यावरचे संकट निवारणारा कोणी एक समर्थ पुरुष असतोच, या श्रद्धेने. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. तो कायदा भुतांना पकडत नाही. भूत काढतो म्हणणाऱ्यांना पकडतो. कायदा करणाऱ्यांना जे कळले, ते आमच्या कपाटापुढच्या गृहस्थांना कळले नाही.

धारप अंधश्रद्धा पसरवतात, हा आरोप जुना आहे. तो मी निम्मा नाकारतो आणि निम्मा मान्य करतो. त्यांची भुते अंधश्रद्धा पसरवत नाहीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अंगणात कारीट फोडतो. चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते, की हे फळ आहे, नरकासुर नव्हे. तरी ते सगळा जोर लावून टाच मारते, आणि फुटल्यावर टाळ्या पिटते. भयकथा ही अशीच कारीट फोडणारी आहे. पुस्तक मिटता येते. भगताची गोष्ट मिटता येत नाही, कारण तो ती खरी म्हणून सांगतो आणि वर कोंबडा घेतो. परंतु समर्थांच्या कथा कारीट फोडीत नाहीत. कारीट फोडावयाला एक बुवा नेमतात, आणि आपल्याला हात जोडून उभे करतात. ती सवय पुस्तकाबाहेर येते. मला भुताची भीती वाटत नाही. समर्थांची वाटते.

*

आता त्या मुलाची गोष्ट सांगून संपवतो. कारण त्याच्यासाठीच हे सारे लिहिले.

आमच्या राहनाळच्या आजूबाजूला भाताची शेते होती तेथे आज गोदामे आहेत. अशाच एका गोदामात हमाली करणाऱ्याचा मुलगा आठवीत माझ्याकडे होता. अक्षरओळख पक्की, पण वाचन म्हटले की त्याला जांभया येत. थोर पुरुषांची चरित्रे दिली, बोधकथा दिल्या. दोन दिवसांनी तशाच परत. शेवटी एके दिवशी 'लुचाई' त्याच्या हाती ठेवली. चौथ्या दिवशी त्याची आई शाळेच्या दारात उभी. "मास्तर, कसली बुकं देता त्याला? रातचा एकटा बाहेर जायला भितो." मी ओशाळलो. पण मुलगा पुस्तक परत देईना. नवव्या दिवशी त्याने ते संपवून आणले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक अख्खे पुस्तक वाचले होते. थोडा वेळ घुटमळून त्याने विचारले, "सर, हे खरं नाही ना?"

"नाही."

"मग भीती खरी कशी वाटते?"

गृहस्थहो, यात साहित्य काय आहे, असे आपण विचारलेत. हे आहे! शब्द खोटे असून भावना खरी कशी होते, हा साहित्यशास्त्राचा पहिला प्रश्न. अभिनवगुप्तांपासून थोर थोर माणसे याच प्रश्नाशी झटली. आणि तो हमालाच्या पोराला पडला, धारपांमुळे पडला. जो मुलगा 'हे खरं नाही ना' असे पुस्तकाला विचारू लागला, तो उद्या महाराजांनाही विचारील, अशी मला आशा आहे.

म्हणून माझे मागणे तिहेरी आहे. प्रकाशकांनी उसन्या पुस्तकांवर मुळाचे नाव छापावे. टीकाकारांनी या शंभर पुस्तकांतून धारपांची स्वतःची, समर्थांवाचून उभी राहणारी अशी दहा-बारा निवडावीत, ती पहिल्याप्रथम कधी निघाली ते नोंदवावे, आणि मग हवे तितके कठोर व्हावे. भक्तांनी 'मराठीचे स्टीफन किंग' हा शब्द टाकून द्यावा. एवढे केले तर जे शिल्लक राहील ते जी.एं.च्या शेजारी बसणार नाही, हे मला मान्य आहे; पण ओसरीवरून उठून पंगतीत येईल, आणि त्याच्यापुढे पान मांडावेच लागेल.

आमच्या कपाटाचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. रद्दीवाला संध्याकाळी यावयाचा होता. मी दुपारीच त्याच्याकडे जाऊन 'चेटकीण', 'लुचाई' आणि बाकीची मंडळी वजनावर विकत घेऊन आलो. चाळीस रुपये पडले. ती आता माझ्या घरी आहेत; मुले तेथून नेतात, आणि अजून तरी सगळी शेवटच्या पानासकट परत आली आहेत. 'समर्थाचिया सेवका' मात्र शाळेच्या कपाटात संतवाङ्मयाच्या खणात, ज्ञानेश्वरीला टेकून सुखाने उभे आहे. ते तेथून काढण्याचे धैर्य मला झालेले नाही.